तासिका तत्त्वावर मानवशास्त्र

सुट्टीत पुण्याला गेले की एक संवाद ठरलेला असतो. "तू तिकडे नक्की शिकवतेस काय?" मानवशास्त्र. "म्हणजे ते मानववंशशास्त्र ना? इरावतीबाईंचं?" हो, तेच. "कुठे?" कम्युनिटी कॉलेजात, अर्धवेळ, तासांवर. इथे जरा शांतता पसरते. मग कुणीतरी कोडं सुटल्यासारखं म्हणतं, "अगं, म्हणजे आपल्याकडचं सीएचबी!" बरोब्बर. तासिका तत्त्वावर. महाराष्ट्रात नेट-सेट, पीएच.डी. सगळं करून वर्षानुवर्षं तासांच्या हिशेबाने शिकवणाऱ्यांची जी जमात आहे, तिच्या कॅलिफोर्नियातल्या शाखेची मी सभासद. इथे आम्हाला ॲडजंक्ट म्हणतात. मराठीत सांगायचं तर पुरवणी.

तर आज दोन गोष्टींबद्दल लिहायचं आहे. एक म्हणजे आपल्या या विषयाच्या नावात अडकून बसलेला 'वंश'. दुसरी म्हणजे हे 'तासिका तत्त्व'. वरवर पाहता दोन्हींचा काही संबंध नाही. पण एकच प्राथमिक कोर्स पुन्हा पुन्हा शिकवताना मला वाटायला लागलंय की आहे, आणि तो विषयाच्या इतिहासातच आहे. लेख जरा लांबेल, चहा घेऊन बसा :-)

आधी कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय ते सांगते, कारण भारतातून पाहताना अमेरिकन शिक्षण म्हणजे हार्वर्ड-स्टॅनफर्ड एवढंच दिसतं. १९०१ साली शिकागोजवळ जोलिएट गावातल्या एका हायस्कुलात सहा विद्यार्थ्यांना घेऊन कॉलेजची पहिली दोन वर्षं शिकवायला सुरुवात झाली. कल्पना शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि त्या हायस्कूलचे मुख्याध्यापक जे. स्टॅन्ली ब्राऊन यांची. हे अमेरिकेतलं सगळ्यात जुनं सरकारी कम्युनिटी कॉलेज. यात गंमत अशी की दोघांचे हेतू वेगवेगळे दिसतात. गावातल्या पोरांना घराजवळ शिकता यावं, हा एक. आणि पहिल्या दोन वर्षांचं प्राथमिक शिकवण्याचं ओझं बाहेर गेलं की विद्यापीठाला संशोधनासाठी मोकळं होता यावं, हा दुसरा. म्हणजे सगळ्यांसाठी दार उघडायचं, पण ते दार वाड्याच्या मागच्या बाजूला! ही दुहेरी भावना या संस्थेच्या जन्मापासून तिच्यात आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेले सैनिक सरकारी मदतीवर शिकायला आले. १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या आयोगाने अशी कॉलेजं देशभर हवीत असं सांगितलं आणि 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ झालं. १९६० साली कॅलिफोर्नियाने तर उतरंडच आखली. हायस्कुलातले वरचे साडेबारा टक्के युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, वरचे एक तृतीयांश स्टेट युनिव्हर्सिटीला पात्र, आणि कम्युनिटी कॉलेज सगळ्यांना. प्रवेशपरीक्षा नाही, मार्कांची अट नाही. दोन वर्षं इथे काढून मग मोठ्या विद्यापीठात जायची सोय. आज राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत.

माझ्या संध्याकाळच्या वर्गात कोण येतं? गोदामात पहाटेची पाळी करून आलेला मुलगा. दोन मुलांना आईकडे सोडून आलेली बाई. नर्सिंगला जायचं म्हणून क्रेडिटं गोळा करणारी मुलगी. पंचावन्न वर्षांचे एक निवृत्त ट्रकचालक. मानवशास्त्राच्या ओढीने आलेला विद्यार्थी मला क्वचितच भेटतो. बहुतेकांना ठरावीक विषयगटातला एक कोर्स हवा असतो आणि माझ्या वर्गाची वेळ जमते, इतकंच. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या आयुष्यातला हा मानवशास्त्राचा पहिला आणि शेवटचा कोर्स असतो. सोळा आठवडे. म्हणून मला दरवेळी प्रश्न पडतो, की सोळाच आठवडे आहेत तर काय सांगायचं?

आता आमचं गणित. कॅलिफोर्नियात अर्धवेळ शिक्षकाला एका डिस्ट्रिक्टमध्ये पूर्णवेळ कामाच्या ६७ टक्क्यांपेक्षा जास्त तास देता येत नाहीत. पूर्वी ही मर्यादा ६० टक्के होती, २००८ साली कायदा बदलून ती ६७ झाली. त्याहून जास्त तास सतत दिले तर माणूस कायम होण्याचा हक्क मागू शकतो ना! मग पोट भरायचं तर दोन किंवा तीन डिस्ट्रिक्टांत तास घ्यायचे आणि मधला वेळ हायवेवर काढायचा. म्हणून आम्हाला 'फ्रीवे फ्लायर' असंही एक टोपणनाव आहे. पुस्तकं, कवट्यांच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती, पेपरचे गठ्ठे असं सगळं गाडीच्या डिकीत. होमो इरेक्टस माझ्या स्पेअर टायरला टेकून प्रवास करतो. सेमिस्टर सुरू व्हायच्या आठवड्यात पुरेशी नावं नोंदली गेली नाहीत तर वर्ग रद्द होतो, आणि वर्गाबरोबर पगारही. असो. रडगाणं गायला बसलेले नाही, पण पुढच्या गोष्टीसाठी हे माहीत असायला हवं.

पाठ्यपुस्तकं साधारणपणे उत्क्रांतीपासून किंवा 'संस्कृती म्हणजे काय' या व्याख्येपासून सुरू होतात. मी सुरुवात करते ती विषयाच्या भूतकाळापासून, आणि त्यातही मोजपट्टीपासून. कारण समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या आज्या-पणज्यांना या शास्त्राने कधी ना कधी मोजलंय. मोजून कुठल्या ना कुठल्या खान्यात टाकलंय.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर, हा त्यांचा नासिका-निर्देशांक. त्यांचा दावा असा, की जातीची सामाजिक पायरी जितकी वर तितकं नाक अरुंद. म्हणजे जात हा मुळात वंशाचा मामला आहे, असं सरकारी शिक्क्यानिशी सांगितलं गेलं. वर्गात हे सांगितलं की सगळे हसतात. मग मी त्यांना कॅलिफोर्निया-ओरेगनच्या किनाऱ्यावर घेऊन येते, आणि हसू थांबतं.

भगतसिंग थिंड (आपले हुतात्मा भगतसिंग वेगळे) हे पंजाबातून आलेले शीख गृहस्थ. १९१८ साली अमेरिकेच्या सैन्यात होते. नागरिकत्व मागितलं. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे बाहेरून आलेल्यांपैकी फक्त 'गोऱ्या' आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांनाच नागरिक होता येत असे. नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की गोरा म्हणजे कॉकेशियन. मानवशास्त्राच्या तेव्हाच्या वर्गीकरणात उत्तर भारतीय माणूस कॉकेशियनच गणला जाई. म्हणून थिंड यांच्या बाजूने युक्तिवाद झाला की आम्ही आर्य, म्हणून कॉकेशियन, म्हणून गोरे. १९ फेब्रुवारी १९२३ ला, म्हणजे जेमतेम तीन महिन्यांनी, त्याच न्यायमूर्ती सदरलँडनी निकाल लिहिला की शास्त्र काही म्हणो, सामान्य अमेरिकन माणसाला जो गोरा वाटतो तोच गोरा. थिंड तसे नाहीत. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांची नागरिकत्वंही काढून घेण्यात आली. थिंड यांना शेवटी नागरिकत्व मिळालं ते १९३६ साली, माजी सैनिकांसाठी केलेल्या वेगळ्या कायद्याने.

इथपर्यंतची गोष्ट आपल्या मंडळींना आवडते. अन्याय झाला, आपण बळी, वगैरे. पण थिंड यांच्या बाजूच्या युक्तिवादात आणखी एक मुद्दा होता, तो मी मुद्दाम फळ्यावर लिहिते. उच्चवर्णीय हिंदू खालच्या जातींशी लग्नसंबंध ठेवत नाहीत, म्हणून त्यांचं रक्त शुद्ध राहिलं आहे, असा तो मुद्दा. अमेरिकन गोरा माणूस काळ्यांशी लग्न करण्याकडे जसा पाहतो तसेच आम्हीही पाहतो, असं न्यायालयाला पटवायचा प्रयत्न झाला. आपल्याकडचा जातीतल्या जातीत लग्नाचा नियम हा गोरेपणाचा दाखला म्हणून पुढे केला गेला! शंभर वर्षं झाली. आजही इथल्या गणपतीच्या जेवणात कुणीतरी जिलबी घेता घेता म्हणतं, "टेक्निकली आपण कॉकेशियनच आहोत." मला तेव्हा सदरलँडसाहेब आठवतात.

आता याच मुद्द्याला, म्हणजे जातीतल्या जातीत लग्नाला, मानवशास्त्राच्या एका वर्गात एका मराठी विद्यार्थ्याने आधीच वेगळं उत्तर देऊन ठेवलं होतं. ९ मे १९१६, कोलंबिया विद्यापीठ, न्यूयॉर्क. निबंध वाचणारे पंचवीस वर्षांचे भीमराव आंबेडकर. विषय, भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उगम आणि विकास. सेनार, नेसफील्ड, रिस्ली आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर (हो, ज्ञानकोशकार केतकर, त्यांचंही जातीवरचं इंग्रजी पुस्तक १९०९ चं) यांच्या व्याख्या त्यांनी एकेक करून तपासल्या आणि सांगितलं की जातीचं सार एकच, गटाबाहेर लग्न न करणं. रक्त, वर्ण, नाक या कशाचीही गरज त्या मांडणीत लागत नाही. एखाद्या गटाने दार आतून लावून घेतलं की जात तयार होते. पण दार बंद ठेवायचं तर गटातल्या स्त्रीपुरुषांची संख्या जुळायला हवी. नवरा मेला तर बायको 'जास्तीची' होते, बायको मेली तर नवरा. मग सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह हे सगळे त्या जास्तीच्या माणसांची सोय लावायचे मार्ग. आणि वरच्यांनी दार लावलं की बाकीच्यांनी एक तर अनुकरण केलं, नाही तर त्यांच्यासाठी ते बाहेरून लागलं गेलं. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, हा निबंध 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला.

थिंड खटल्याच्या सात वर्षं आधीची ही गोष्ट. तोच नियम एकाने शुद्धतेचं प्रमाणपत्र म्हणून वापरला, दुसऱ्याने तो कारखाना कसा चालतो ते उघडून दाखवलं. आणि पुढे १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावर लिहिताना आंबेडकरांनी नाकांच्या मोजमापांचेच आकडे घेऊन दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळे वंश ठरतच नाहीत. रिस्लींची पट्टी घेऊन रिस्लींचाच हिशेब खोटा पाडला.

हे सगळं आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. त्या वर्गाच्या शिक्षकाचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही. अलेक्झांडर गोल्डनवायझर. १८८० साली कीवमध्ये जन्मलेले, तरुणपणी अमेरिकेत आलेले, फ्रान्झ बोआस यांचे विद्यार्थी. कुलदैवत-प्राण्यांच्या पूजेवर (टोटेमवर) त्यांचा प्रबंध, आणि त्यात लोक जिला एकसंध गोष्ट समजतात ती वेगवेगळ्या गोष्टींची मोट आहे हे दाखवलेलं. अशा माणसाच्या वर्गात जातीची मोट सुटणं साहजिकच होतं, नाही का? १९१० ते १९१९ ते कोलंबियात शिकवत होते, व्याख्याता म्हणून. तिथे प्राध्यापक काही झाले नाहीत. पुढे न्यू स्कूल, कामगारांसाठी चालवलेलं रँड स्कूल, मग पार पश्चिमेला ओरेगन, अशी त्यांची फिरती राहिली. थोडक्यात, आमच्याच जमातीचे! त्यांच्या काळी फ्रीवे नव्हते, एवढाच फरक.

हे लक्षात आलं तेव्हा मी विषयाचा इतिहास पुन्हा या बाजूने वाचायला लागले. कोण कुठल्या खुर्चीवर बसून काय म्हणत होतं?

बर्लिनला १९२७ साली स्थापन झालेली मानवशास्त्राची एक मोठी संस्था. संचालक ऑयगेन फिशर. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत मिश्र संततीचा अभ्यास करून नावारूपाला आलेले, १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झालेले, नाझींच्या वंशधोरणाला शास्त्राचं वजन देणारे. पद भक्कम, नाव मोठं. त्यांच्याच हाताखाली १९२८ ते १९३० मध्ये पुण्याच्या इरावती कर्वे पीएच.डी. करत होत्या. काम होतं, माणसाच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक मोजायचा आणि तो वंशानुसार बदलतो का ते पाहायचं. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं की तसा संबंध दिसत नाही. परकं शहर, परकी भाषा, गुरूच्या हातात पदवी. तिथे 'दिसत नाही' असं लिहायला काय लागलं असेल, याचा विचार मी दर सेमिस्टरला वर्गासमोर मोठ्याने करते. आपण त्यांना 'युगान्त'च्या लेखिका म्हणून ओळखतो. माझ्या वर्गातल्या मुलांना त्या आधी कवट्या मोजणारी मुलगी म्हणून भेटतात.

इकडे बोआस यांच्याभोवतीही अशी माणसं होती. झोरा नील हर्स्टन ही कृष्णवर्णीय लेखिका त्यांची विद्यार्थिनी. फ्लोरिडातल्या आपल्याच लोकांच्या कथा तिने गोळा केल्या, १९३५ साली त्यांचं पुस्तक झालं. विद्यापीठात जागा मिळाली नाही. १९५० च्या दशकाच्या शेवटी ती एका शाळेत बदली शिक्षिका होती आणि १९६० साली गरिबीत वारली. एला डेलोरिया या डकोटा जमातीच्या विदुषी. बोआस यांच्याबरोबर त्यांनी केलेलं डकोटा भाषेचं व्याकरण १९४१ साली निघालं. तेही काम तुकड्या-तुकड्यांनी, मिळेल त्या मोबदल्यावर.

आता इथे एक मोह होतो, तो टाळायला हवा. खुर्चीवरचे सगळे वाईट आणि खालचे सगळे चांगले, असं काही नाही. बोआस यांचंच बघा. ते जर्मनीतून आलेले ज्यू, आणि १८९९ पासून कोलंबियात पक्के प्राध्यापक. १९११ साली त्यांनी जवळजवळ अठरा हजार स्थलांतरित आणि त्यांच्या मुलांची मापं घेऊन दाखवलं की अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचा आकारही बदलतो. म्हणजे जो 'वंशाचा अढळ पुरावा' समजला जाई तोच हलतो. (त्या आकड्यांवर २००२-०३ मध्ये पुन्हा वाद झाला, तो बदल किती मोठा यावर.) पण याच बोआसनी तरुणपणी वायव्य किनाऱ्यावर मूळनिवासींच्या थडग्यांतून हाडं काढली होती. आणि आमच्या कॅलिफोर्नियातले आल्फ्रेड क्रोबर! १९११ साली ओरोव्हिल गावात एक एकटा, उपाशी माणूस सापडला. याही जमातीतला शेवटचा. त्याने आपलं खरं नाव कधीच सांगितलं नाही, म्हणून त्याच्या भाषेतला 'माणूस' हाच शब्द त्याचं नाव झाला, इशी. क्रोबरनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात ठेवलं. तो तिथे राहत असे, झाडलोट करत असे आणि रविवारी लोकांसमोर बाणांची पाती घडवत असे. १९१६ च्या मार्चमध्ये क्षयाने गेला. म्हणजे न्यूयॉर्कला तो निबंध वाचला गेला त्याच्या सहा-सात आठवडे आधी. शवविच्छेदन करू नका असं क्रोबरनी दूरच्या गावाहून कळवलं होतं, तरी ते झालं. मेंदू काढला गेला, आणि पुढे क्रोबरनीच तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनला पाठवला. तो परत मिळाला २००० साली, त्याच्या नातलग जमातींना. बर्कलीतल्या क्रोबर हॉलचं नाव २०२१ मध्ये काढण्यात आलं. मित्र म्हणवणाऱ्या चांगल्या माणसाच्या हातूनही शास्त्र काय करवून घेतं, हे मुलांना कळावं म्हणून मी हा भाग गाळत नाही.

आणि दुसरा मोह तर आमच्या प्रशासनाला फार सोयीचा आहे. कडेला बसलेल्याला जास्त दिसतं, तर मग बसा कडेलाच, तासांवर! नाही हो. गोल्डनवायझरना स्थैर्य मिळालं असतं तर त्यांच्या हातून आणखी किती विद्यार्थी घडले असते, हर्स्टनच्या हाताखाली किती पोरं शिकली असती, हे आपल्याला कधीच कळणार नाही. न मिळालेल्या नोकऱ्यांचं नुकसान कुठल्याच वहीत लिहिलं जात नाही. मला इतकंच म्हणायचं आहे, की ज्या विधानावर आज हा सगळा प्राथमिक कोर्स उभा आहे, माणसांतले भेद खरे पण त्यांची 'वंश' म्हणून केलेली उतरंड खोटी, ते विधान उभं करणाऱ्यांत मोजल्या गेलेल्या आणि जागा न मिळालेल्या माणसांचा वाटा फार मोठा आहे. त्यावर आनुवंशशास्त्राचं शिक्कामोर्तब पुढे झालं. १९७२ साली रिचर्ड लेवॉन्टिननी हिशेब मांडला की माणसांतल्या जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के ही एकेका जनसमूहाच्या आतच असते. पण वर्गात नुसता ८५ चा आकडा सांगून भागत नाही. तो परीक्षेपुरता लक्षात राहतो.

म्हणून एक गृहपाठ देते. आपल्या घरातल्या तीन-चार पिढ्यांचा नातेवृक्ष काढा, आणि कोणाचं कोणाशी लग्न झालं याबरोबर कोणाचं कोणाशी होऊ शकलं नसतं तेही लिहा. बोलायचं नसेल ते लिहू नका, हेही सांगते. एका सेमिस्टरला फिलिपिनो घरातल्या एका मुलीने पणजोबांचं लग्न न्यू मेक्सिकोत झाल्याचं लिहून आणलं. घरचे सगळे शेतमजूर, कॅलिफोर्नियाबाहेर कधी न गेलेले, मग लग्नाला एवढ्या लांब का? तिला माहीत नव्हतं. आम्ही वर्गात शोधलं. पणजी गोरी होती. कॅलिफोर्नियात गोऱ्यांना काळ्यांशी आणि 'मंगोलियन' लोकांशी लग्न करायला बंदी होती. १९३३ साली साल्वाडोर रोल्दान या फिलिपिनो गृहस्थांनी कोर्टात सिद्ध केलं की मानवशास्त्राच्या वर्गीकरणाप्रमाणे आम्ही मंगोलियन नाही, मलय आहोत. ते जिंकले, आणि त्याच वर्षी विधिमंडळाने कायद्यात 'मलय वंश' हे दोन शब्द वाढवले. न्यू मेक्सिकोत असा कायदा नव्हता. कॅलिफोर्नियातली बंदी इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली उठवली, सगळ्या देशातली उठायला १९६७ उजाडलं.

ती मुलगी म्हणाली, "म्हणजे दोन शब्द घालायला काही महिने, काढायला पंधरा वर्षं." मग मागच्या बाकावरचे ट्रकचालक गृहस्थ म्हणाले, "हे त्या भारतातल्या विद्यार्थ्याने सांगितलेलंच आहे की. दार." मी काही बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती.

त्याच तासानंतर एक भारतीय मुलगा थांबला. इथेच वाढलेला, वर्गात एरवी गप्प. तो निबंध कुठे मिळेल, आईला दाखवायचा आहे, एवढंच त्याने विचारलं. मी छापलेली प्रत दिली, पुढे काही विचारलं नाही. इथल्या स्टेट युनिव्हर्सिटीने जानेवारी २०२२ मध्ये भेदभावविरोधी नियमांत 'जात' हा शब्द घातला. राज्यभरासाठी तसा कायदा करणारं विधेयक मंजूर झालं, पण गव्हर्नरांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये ते परत पाठवलं. तेव्हा आपल्याच ओळखीच्या लोकांनी दोन्ही बाजूंनी केवढा गदारोळ केला होता, ते आठवत असेल. त्या मुलाने मात्र फक्त प्रत मागितली.

एक चांगली बातमीही सांगते. महागडी पाठ्यपुस्तकं आमच्या विद्यार्थ्यांना परवडत नाहीत. कम्युनिटी कॉलेजांत मानवशास्त्र शिकवणाऱ्यांच्या संघटनेने त्यावर उपाय काढला. 'पर्स्पेक्टिव्ज' हे सांस्कृतिक मानवशास्त्राचं आणि 'एक्स्प्लोरेशन्स' हे जैविक मानवशास्त्राचं, अशी दोन पाठ्यपुस्तकं तयार करून त्यांनी कुणालाही फुकट उतरवून घेता येतील अशी ठेवली. मी तीच वापरते. वाड्याच्या मागच्या दारातल्यांनी मिळून लिहिलेली ही पुस्तकं आता पुढच्या दारातलेही वापरतात म्हणे.

पुढच्या सेमिस्टरच्या वेळापत्रकात माझा वर्ग आहे. मंगळवार-गुरुवार, संध्याकाळी साडेसहा. आजच्या तारखेला सतरा नावं आलीत. अजून थोडी लागतील, नाही तर वर्ग रद्द. वेळापत्रक मात्र मी करून ठेवलंय. पहिल्या आठवड्यात मोजपट्टी, तिसऱ्यात इशी, चौथ्यात थिंड. पाचव्या आठवड्यात ९ मे १९१६ चा तो निबंध, आणि त्याखाली, छोट्या अक्षरांत, शिक्षकाचं नाव.